कवडीचा डोळा : रीगाच्या वोल्देमार्स मात्वेय्सची ओळख

1913 साली लंडन, बर्लिन किंवा कोपनहेगनमध्ये आफ्रिकेतली लाकडी मूर्ती पाहायची असेल, तर कलादालनात जाऊन उपयोग नव्हता. ती असायची मानववंशशास्त्राच्या संग्रहालयात, भाले, ढाली, टोपल्या आणि ढोल यांच्या गर्दीत, काचेच्या कपाटात दाटीवाटीनं मांडलेली. खाली एक चिठ्ठी : अमुक जमात, तमुक वसाहत. घडवणाऱ्याचं नाव नाही, कारण ते विचारायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. पाहणाऱ्यानं त्या मूर्तीवरून ‘हे लोक कसे राहतात’ एवढंच शिकायचं. ती सुंदर आहे की नाही, तिची घडण कशी आहे, हा प्रश्न तिथे निघायचाच नाही.

त्या वर्षी एक लात्वियन तरुण कॅमेरा घेऊन या कपाटांसमोर उभा राहिला आणि त्यानं नेमका तोच प्रश्न विचारला. वोल्देमार्स मात्वेय्स हे त्याचं नाव. रशियन वाचकांना तो व्लादिमीर मार्कोव्ह म्हणून माहीत होता, कारण लेखनासाठी त्यानं हे टोपणनाव घेतलं होतं. पुढच्याच वर्षी, वयाच्या 36व्या वर्षी तो गेला. आफ्रिकेतल्या शिल्पाचा कला म्हणून विचार करणारं जगातलं अगदी सुरुवातीचं लेखन त्याच्या कागदांत पडून होतं. त्याचं पुस्तक व्हायला आणखी पाच वर्षं जायची होती.

मात्वेय्सचा जन्म 1877चा, रीगा शहरातला. रीगा आज लात्वियाची राजधानी आहे. तेव्हा लात्विया नावाचा देशच नव्हता. बाल्टिक समुद्राकाठचा तो मुलूख रशियन साम्राज्यात होता. राज्य झारचं, जमीनजुमला आणि शहरातली प्रतिष्ठा बाल्टिक जर्मनांची, आणि बहुसंख्य लात्वियन माणूस शेतकरी, नाहीतर शहरात कामधंदा शोधायला आलेला. लात्वियन लोकांची भाषा, त्यांची लोकगीतं, त्यांचं विणकाम या सगळ्याकडे वरच्या वर्गानं ‘खेडवळ’ म्हणूनच पाहिलेलं. माझं मत असं की आपल्या लोकांच्या हातच्या वस्तूंना कुणीतरी दुसराच खालच्या पायरीवर बसवतो, हे ज्याला घरातूनच ठाऊक आहे, त्याला आफ्रिकेच्या मूर्तीवरची ती चिठ्ठी वेगळ्या नजरेनं वाचता आली असावी. त्यानं स्वतः असं कुठे लिहिलंय असा माझा दावा नाही. पण त्याचं लेखन वाचताना हे मनातून जात नाही.

रीगात चित्रकलेचे पहिले धडे घेऊन तो सेंट पीटर्सबर्गला गेला आणि तिथल्या शाही कला अकादमीत दाखल झाला. अकादमीतलं शिक्षण ठरीव होतं. आधी ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती रेखाटायच्या, मग हाडं, मग स्नायू, मग जिवंत मॉडेल. शरीर जसं आहे तसं, प्रमाणात, छायाप्रकाशासकट उतरवता आलं की विद्यार्थी तयार झाला. बाहेर शहरात मात्र वारं फिरलं होतं. 1910 साली पीटर्सबर्गच्या काही कलावंतांनी ‘सोयुझ मोलोद्योझी’, म्हणजे तरुणांचा संघ, नावाची संस्था काढली. लेव्की झेव्हेर्झेयेव नावाचा धनिक तिच्या पाठीशी होता. पुढच्या तीन-चार वर्षांत लारिओनोव्ह, गोंचारोवा, मालेविच, तात्लिन, फिलोनोव्ह, रोझानोवा या सगळ्यांची चित्रं या संघाच्या प्रदर्शनांत लागली. रशियन आधुनिक कलेचा इतिहास लिहायला बसलं की हीच नावं पुन्हा पुन्हा येतात.

मात्वेय्स या संघाचा विचार करणारा मेंदू झाला. संघाचं प्रदर्शन 1910च्या उन्हाळ्यात रीगाला गेलं तेव्हा त्याची ओळख करून देणारा लेख त्यानंच लिहिला. चित्रंही तो काढत होता, पण त्याची फार थोडी चित्रं आज माहीत आहेत, आणि स्पष्टच सांगायचं तर त्याचं खरं सामर्थ्य त्यांत नाही. ते त्याच्या पाहण्यात आहे, आणि पाहिलेलं शब्दांत मांडण्यात आहे.

1912 साली संघाच्या मासिकात त्याचा ‘नव्या कलेची तत्त्वं’ हा लेख आला. त्यातला मुद्दा सोपा करून सांगतो. युरोपीय कला ग्रीकांपासून एका रांगेत चालत आली, असं त्या काळी शिकवलं जाई. प्रमाण, तर्क, मोजमाप, शरीरशास्त्र. या पद्धतीला त्यानं ‘रचनेचं तत्त्व’ म्हटलं. मग तो म्हणतो, जगात दुसरीही वाट आहे. चीन, आणि पूर्वेकडचे इतर देश, या वाटेनं हजारो वर्षं चालले. तिथे योगायोगाला जागा आहे. हाताचा झटका, रंगाचा ओघळ, मनात अचानक उमटलेला आकार यांना चूक समजून पुसून टाकत नाहीत, त्यांच्याच आधारानं पुढे जातात. ही वाट मागासलेली नाही. ती वेगळी आहे आणि तिलाही शिस्त आहे. आज हे वाचताना यात काय विशेष, असं वाटेल. पण 1912मध्ये कलेच्या इतिहासाची पुस्तकं जगातल्या सगळ्या लोकांना एका शिडीवर उभं करत होती. वरच्या पायरीवर ग्रीस आणि इटली, मधे पूर्व, आणि आफ्रिका शिडीच्या पायथ्याशीही नाही. त्या काळात हे लिहायला धारिष्ट्य लागत होतं.

ही शिडी किती पक्की होती याचा एक दाखला देतो. 1910 साली लिओ फ्रोबेनियस हा जर्मन अभ्यासक आजच्या नायजेरियातल्या इफे गावी पोचला. तिथे त्याला माणसांच्या चेहऱ्यांची शिल्पं दिसली, इतकी नाजूक आणि जिवंत की तो थक्क झाला. मग त्यानं काय निष्कर्ष काढला? ही आफ्रिकी माणसांची कामं असूच शकत नाहीत, बुडालेल्या अटलांटिसमधून आलेल्या प्राचीन ग्रीकांच्या वसाहतीचे हे अवशेष असणार! डोळ्यांसमोर पुरावा असताना तो मान्य करण्यापेक्षा समुद्रात बुडालेलं काल्पनिक बेट त्याला सोपं वाटलं. आणि फ्रोबेनियस हा त्या काळातला आफ्रिकेबद्दल आस्था असलेला माणूस समजला जात होता.

पॅरिसमधल्या चित्रकारांना आफ्रिकी मूर्तींचा शोध आधीच लागला होता, हे खरं. पिकासो 1907 साली पॅरिसमधल्या त्रोकादेरोच्या मानववंशशास्त्राच्या संग्रहालयात गेला आणि तिथले आफ्रिकी मुखवटे त्यानंतरच्या त्याच्या चित्रांत दिसतात. पण पिकासोनं त्या मूर्तींमधून स्वतःला हवं ते घेतलं आणि आपलं चित्र केलं. मूर्तीबद्दल त्यानं काही समजावून सांगितलं नाही, ते त्याचं कामही नव्हतं. ती मूर्ती अशी का दिसते, ती घडवणाऱ्यानं कोणते निर्णय घेतले, हे बसून उलगडणारं कुणीतरी हवं होतं.

ते काम मात्वेय्सनं अंगावर घेतलं. 1912 आणि 1913 साली तो युरोपभर हिंडला. बर्लिन, लाइपझिग, हँबुर्ग, कलोन, लायडन, ब्रसेल्स, पॅरिस, लंडन, कोपनहेगन, आणि आज ज्याला ऑस्लो म्हणतात ते क्रिस्तियानिया. 1913च्या प्रवासात त्याच्यासोबत वार्वारा बुब्नोवा होती. तीही अकादमीतली चित्रकार, त्याची जिवलग सहकारी.

तो फोटो कसे काढत असे, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण त्याचा सगळा विचार तिथे दिसतो. तोपर्यंत अशा वस्तूंचे फोटो नोंदवहीसाठी काढले जात. समोरून, सपाट उजेडात, जमल्यास एकाच फोटोत चार-सहा वस्तू. मात्वेय्स एका वेळी एकच मूर्ती घेई. मागे गडद पार्श्वभूमी. आणि एकाच मूर्तीचे वेगवेगळ्या बाजूंनी फोटो : समोरून, कडेनं, कधी नुसतं डोकं जवळून. शिल्प म्हणजे ज्याच्याभोवती आपण फिरतो अशी वस्तू. एका फोटोत ती मावत नाही, म्हणून त्यानं फोटोंनाच मूर्तीभोवती फिरवलं. त्याच्या चौकटीत हातभर उंचीची मूर्तीही एखाद्या प्रचंड पुतळ्यासारखी उभी राहते. कपाटातली चिठ्ठी, शेजारचा भाला, बाजूची टोपली हे सगळं बाहेर. उरतं फक्त लाकूड आणि त्याला दिलेला आकार.

आता त्या मूर्तीत त्याला काय दिसलं ते पाहू. इथे थोडं थांबून, एखादी आफ्रिकी लाकडी मूर्ती डोळ्यांसमोर आणून वाचलंत तर बरं. जाडसर आखूड पाय, किंचित वाकलेले गुडघे, नळीसारखं धड, जाड मान, आणि उंचीच्या मानानं भलंमोठं डोकं, अशी मूर्ती आपण सगळ्यांनी फोटोत तरी पाहिलेली असते. अकादमीत शिकलेला विद्यार्थी ती पाहून म्हणेल, प्रमाण चुकलंय.

मात्वेय्स म्हणतो, इथे प्रमाण चुकण्याचा प्रश्नच नाही, कारण कारागिरानं शरीराची नक्कल करायला घेतलेलीच नाही. तो खेळतोय वजनाशी. डोकं हा एक घनाकार, मान हा दुसरा, धड तिसरं, पाय चौथे. प्रत्येक ठोकळा स्वतंत्र आहे, स्वतःच्या वजनानिशी उभा आहे. कारागीर हे ठोकळे एकमेकांवर, एकमेकांशेजारी असे ठेवतो की त्यांचा तोल साधतो, एक जड आकार दुसऱ्याला उचलून धरतो, मधली पोकळी दोघांना श्वास देते. आणि सगळं जुळून आलं की पाहणाऱ्याला त्यात माणूस दिसतो. म्हणजे सुरुवात माणसापासून होत नाही, माणूस शेवटी येतो. ग्रीक शिल्पात सांधे लपलेले असतात, खांदा दंडात कधी मिसळला कळत नाही. इथे जोड उघड आहेत, आणि ते उघड असण्यातच त्या मूर्तीचा जोर आहे. अशा शिल्पाला संगीताच्या जवळचं म्हणावं लागेल, असं मात्वेय्स लिहितो. संगीतालाही कशाची नक्कल करायची नसते.

हा पहिला मुद्दा. दुसरा त्याहून सुंदर आहे. तो म्हणतो, या मूर्तीचा कुठलाही एक तपशील घ्या, उदाहरणार्थ डोळा. तो डोळा नाहीच! कुठे ती नुसती चीर आहे, कुठे शिंपला किंवा कवडी, कुठे आणखी काहीतरी बसवलेलं. बुबुळ नाही, पापणी नाही. तरीही ती मूर्ती आपल्याकडे बघते. याला तो घडणीतलं चिन्ह म्हणतो. डोळ्यासारखं दिसणारं काहीतरी करण्याऐवजी डोळ्याचं काम करणारं काहीतरी तिथे ठेवलेलं असतं.

मराठी वाचकाला हे समजायला अजिबात जड जाऊ नये. गावाच्या शिवेवर किंवा वडाच्या पारावर शेंदूर माखलेला तांदळा असतो. नाक नाही, कान नाहीत, हातपाय नाहीत, नुसता दगड. त्यावर चांदीचे दोन डोळे बसवले की तोच दगड आपल्याकडे पाहू लागतो. ते डोळे माणसाच्या डोळ्यांची नक्कल करतात म्हणून आपल्याला तसं वाटत नाही. नेमक्या जागी, नेमक्या चमकेनं ते बसलेले असतात म्हणून वाटतं. आपल्या आजीला हे पुस्तकाशिवाय कळत होतं. युरोपच्या अकादमीला मात्र कुणीतरी लिहून सांगावं लागलं.

तिसरा मुद्दा त्यानं वेगळ्याच पुस्तकात सविस्तर मांडला. ‘फाक्तुरा’ हे त्या पुस्तकाचं नाव, 1914चं. फाक्तुरा म्हणजे वस्तूच्या पृष्ठभागाचा परिणाम. लाकूड तासल्याच्या खुणा, रंगाचा जाड थर, धातूची झळाळी, मण्यांची खरखर. वस्तू पाहताना या सगळ्याचा जो कल्लोळ आपल्या मनात उठतो तो आकाराइतकाच, कधी त्याहून जास्त बोलतो, असं त्याचं म्हणणं. उदाहरण म्हणून त्यानं रशियन चर्चमधली पवित्र चित्रं घेतली. या चित्रांत संतांचा चेहरा रंगवलेला असतो आणि त्याभोवती खरी चांदी, खरे मोती, खरे खडे मढवलेले असतात. वास्तववादी चित्रकार मोती रंगानं काढून दाखवेल. इथे मोती काढलेला नाही, लावलेला आहे. रंगवलेलं आतलं जग आणि खऱ्या वस्तूंचं बाहेरचं जग एकाच फळीवर एकमेकांना भिडतात, आणि भक्ताला त्या झगड्यातून काहीतरी जाणवतं.

हा विचार पुढे कुठे गेला ते पाहिलं म्हणजे त्याचं मोल कळतं. तरुणांच्या संघातल्याच व्लादिमीर तात्लिननं 1914पासून लाकूड, पत्रा, काच, दोर एकमेकांना जोडून शिल्पं करायला घेतली. त्यांत कशाचंही चित्रण नव्हतं, फक्त साहित्य आणि त्याचा ताण. त्यानंतर रशियात जी रचनावादी चळवळ, म्हणजे साहित्य जोडून बांधणी करण्यालाच कला मानणारी चळवळ, उभी राहिली तिच्या बोलण्यात फाक्तुरा हा शब्द रोजचा झाला. तात्लिनला ही दिशा एकट्या मात्वेय्सच्या पुस्तकानं दिली असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. पिकासोची पॅरिसमधली कामंही त्यानं पाहिली होती. पण त्या पिढीच्या हातांना जे करायचं होतं, त्याची भाषा मात्वेय्सनं आधी तयार करून ठेवली होती, एवढं नक्की.

1914च्या पहिल्या काही महिन्यांतलं त्याचं काम पाहिलं तर अचंबा वाटतो. ‘फाक्तुरा’ छापून झालं. ईस्टर बेटावरच्या कलेवरचं पुस्तक झालं. ‘चीनची बासरी’ नावाचा चिनी कवितांचा रशियन संग्रह व्याचेस्लाव येगोरेव्हबरोबर काढला. आफ्रिकेवरचं लेखन आणि फोटो हातात होते. आणि मे महिन्यात तो अचानक आजारी पडून गेला. काही आठवड्यांत पहिलं महायुद्ध सुरू झालं, मग क्रांती, मग यादवी. त्याचा संघ विखुरला.

पुढचं श्रेय बुब्नोवाचं. तिनं ते हस्तलिखित आणि फोटो जपले, लावले, आणि 1919 साली क्रांतीनंतरच्या सरकारच्या कलाविभागाकडून पेत्रोग्रादमध्ये पुस्तक छापून आणलं. पीटर्सबर्गचंच तेव्हाचं हे नाव. शहर उपाशी होतं, सरपण नव्हतं, कागद मिळत नव्हता. अशा दिवसांत शंभराहून जास्त फोटो असलेलं आफ्रिकेच्या शिल्पकलेवरचं पुस्तक निघालं. ‘निग्रोंची कला’ असं त्याचं शीर्षक होतं, त्या काळाच्या शब्दात. बुब्नोवा 1922मध्ये जपानला गेली, टोकियोत वासेदा विद्यापीठात तिनं रशियन साहित्य शिकवलं, शिळाछापाची चित्रं केली आणि 1958पर्यंत तिथेच राहिली. तिची व्हायोलिनवादक बहीण आन्ना ही जपानी कलावंत योको ओनोची काकू. बुब्नोवाची स्वतःची गोष्ट वेगळ्या लेखाइतकी मोठी आहे. मात्वेय्सबद्दल आज आपण बोलू शकतो ते मुख्यतः तिच्यामुळे.

आफ्रिकी शिल्पाला कला म्हणून पाहणारं पहिलं पुस्तक कोणतं, असं विचारलं तर बहुतेक ठिकाणी 1915 साल आणि कार्ल आइनस्टाइन हे नाव सांगितलं जातं. (भौतिकशास्त्रज्ञ आइनस्टाइन वेगळा.) लाइपझिगला छापलेलं त्याचं जर्मन पुस्तक खरंच महत्त्वाचं आहे. पण मात्वेय्सचं लेखन त्याच्या आधीच होऊन गेलं होतं. दोघांनी स्वतंत्रपणे, एकमेकांना न ओळखता, जवळपास एकाच वेळी हा विचार केला. एकाचं पुस्तक वेळेवर छापलं गेलं आणि ते पश्चिमेच्या भाषेत होतं. दुसऱ्याचं उशिरा आलं, रशियनमध्ये आलं, आणि 1930च्या दशकात सोव्हिएत सत्तेनं अशा प्रयोगांना ‘रूपवाद’, म्हणजे आशय सोडून नुसत्या रूपाचा नाद, म्हणून बाजूला सारलं तेव्हा त्याचं नावही मागे पडलं. 1970च्या दशकात त्याचा 1912चा लेख इंग्रजीत आला, आणि लात्विया पुन्हा स्वतंत्र झाल्यावर रीगातल्या राष्ट्रीय कला संग्रहालयाच्या अभ्यासकांनी त्याचे कागद आणि फोटो नव्यानं अभ्यासले. लात्वियनांना तो आपला वाटतो, रशियन कलेच्या इतिहासातही त्याची जागा आहे, आणि दोन्ही बरोबर आहे.

त्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. मात्वेय्स आफ्रिकेत कधी गेला नाही. ज्या लोकांच्या मूर्तींबद्दल लिहिलं त्यांच्यापैकी कुणाशी तो बोलला नाही. मूर्ती कुठल्या पूजेत बसत होती, तिला तेल कोण लावत होतं, नाच संपल्यावर मुखवटा कुठे ठेवत होते, हे त्याच्या लेखनातून कळत नाही. काळ्या पार्श्वभूमीनं कपाटातली चिठ्ठी झाकली, तशीच ती मूर्ती जिथून आली ते गावही झाकलं. आणि त्या वस्तू युरोपात पोचल्या कशा, हा प्रश्न तर त्या काळी फार थोडे विचारत. 1897मध्ये ब्रिटिश फौजेनं आजच्या नायजेरियातलं बेनिनचं राज्य उद्ध्वस्त करून राजवाड्यातली पितळी आणि हस्तिदंती कामं लुटली, तीच लंडनच्या आणि जर्मनीच्या संग्रहालयांत गेली. मात्वेय्स त्याच इमारतींत फोटो काढत होता.

हा हिशेब आता कुठे मांडला जातोय. जर्मनीनं 2022 साली बेनिनच्या शिल्पांच्या मालकीबाबत नायजेरियाशी करार केला आणि त्या डिसेंबरात 20 शिल्पं परत दिली. त्याच्या आदल्या वर्षी फ्रान्सनं 26 वस्तू बेनिन प्रजासत्ताकाला परत केल्या. हे पश्चिम आफ्रिकेतलं वेगळं राष्ट्र आहे, नावसाधर्म्यानं गोंधळ होतो म्हणून सांगतो. अशा वेळी संग्रहालयांना आपल्याकडे कोणती वस्तू कधीपासून होती याचे जुने पुरावे शोधावे लागतात. 1913 साली कोणती मूर्ती कोणत्या शहरात होती आणि ती चारी बाजूंनी कशी दिसत होती, हे मात्वेय्सच्या फोटोंत नोंदलेलं आहे.